झडतीआधीचं एक वाक्य

आपल्याकडे 'ताबा' हा शब्द बहुधा पहिल्यांदा कानावर येतो तो जमिनीच्या भांडणात. बांध कोणी कोरला, वहिवाट किती वर्षांची, सातबाऱ्यावर नाव कोणाचं! असा दावा दिवाणी कोर्टात उभा राहिला की ताबा शाबीत करायला तलाठ्याचं दप्तर, पीकपाहणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी असं गाडाभर सामान गोळा होतं, आणि एखादी पिढी त्यात सहज खर्ची पडते. याच शब्दाचा दुसरा एक संसार फौजदारी कोर्टात आहे. तिथे ताबा पाच-दहा मिनिटांत शाबीत होतो, निदान झाला असं कागदावर लिहिलं जातं. एस.टी. स्टँडच्या मागे किंवा रेल्वेच्या फलाटावर एखाद्याला थांबवलं जातं, दोन पंच बोलावले जातात, खिशातून पुडी निघते, लाखेचं सील बसतं, पंचनाम्यावर सह्या होतात. पुडीतला पदार्थ कोणता आणि किती, यावर पुढची वीस वर्षं अवलंबून असतात.

या पाच-दहा मिनिटांना कायद्याने काय कुंपण घातलं आणि कोर्टाने ते कधी उंच केलं, कधी कमी केलं, त्याचा इतिहास मला सांगायचा आहे. रूक्ष वाटेल, पण त्यात माणसं आहेत. आरोपींची नावं मात्र मी घेणार नाही. वकिलांच्या बोलण्यात निकालाला आरोपीचंच नाव पडतं आणि मग निर्दोष सुटलेल्या माणसाचंही नाव कायद्याच्या पुस्तकात चरस-अफूला कायमचं चिकटून राहतं. आपण तरी ते टाळू.

सुरुवात इंग्रजी अमलापासून करावी लागते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जायची आणि तिच्या पेट्यांवरच्या शुल्कावर मुंबई सरकारची तिजोरी भरायची. सरकारला अफू नको होती असं नव्हे, सरकारला चोरटी अफू नको होती. १८७८ चा अफू कायदा हा मुळात महसूल राखणारा कायदा. त्याच्या दहाव्या कलमात एक गृहितक होतं: ज्या अफूचा हिशेब आरोपीला समाधानकारकपणे देता येत नाही, ती गुन्ह्याचीच अफू समजायची. सरकारने गुन्हा शाबीत करायचा, हा फौजदारी न्यायाचा पाया. तो इथे उलटा केलेला. पण शिक्षा होती जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा हजार रुपये दंड. उलटा पाया त्या मानाने खपून जात होता.

याच कलमाखालचा एक खटला १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. पंजाबातल्या एका माणसाने रेल्वेने आलेलं पार्सल सोडवून घेतलं आणि त्यात अफू निघाली. आत काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं, ताबा म्हणजे जाणतेपणाचा ताबा. वस्तू हातात आहे, पण ती काय आहे हे माहीत नाही, तर तो गुन्ह्याचा ताबा नव्हे. मात्र माहीत नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीची. पुढच्या पन्नास वर्षांच्या सगळ्या वादांचं बी या दोन वाक्यांत आहे.

मध्ये १९३० चा घातक औषधांचा कायदा येऊन गेला. त्यातही कमाल शिक्षा तीन वर्षांवर गेली नाही, पुन्हा गुन्हा केला तर चार. मग आलं १९८५ साल. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने हेरॉईन येऊ लागलं होतं आणि मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत 'गर्द' हा शब्द रुळला होता. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते याच काळात. घराघरातली भीती खरी होती, हे सुरुवातीलाच मान्य करायला हवं. त्या भीतीपोटी नवा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. त्याचं सरकारी मराठी नाव 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' अशा लांबीचं आहे, म्हणून वकील आणि पोलीस दोघंही त्याला एनडीपीएस म्हणूनच मोकळे होतात. शिक्षा एकदम किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि दंड किमान एक लाख. अल्प प्रमाण स्वतःसाठी बाळगल्याची सवलत सोडली, तर बहुतेक मोठ्या गुन्ह्यांत दहा वर्षांच्या खाली यायची मुभाच न्यायाधीशाला नव्हती. २००१ मध्ये प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या केल्या, तेव्हा कुठे हा ताठरपणा थोडा सैल झाला.

शिक्षा दसपट झाली, पण जुनं गृहितक तसंच पुढे आलं. ताबा दिसला की गुन्हा झाला असं धरायचं, हे चोपन्नावं कलम. आणि आरोपीच्या मनात गुन्हेगारी जाणीव होती असंही धरायचं, हे पस्तिसावं. त्यावर कडी म्हणजे, ही जाणीव नव्हती हे आरोपीने नुसतं संभाव्य म्हणून दाखवून भागत नाही. वाजवी संशयापलीकडे दाखवावं लागतं. एरवी हे ओझं सरकार पक्षाच्या खांद्यावर असतं.

इतकं ओझं टाकल्यावर कायदा करणाऱ्यांनाही बहुतेक चुकचुकल्यासारखं झालं असावं. त्यांनी काही अडसर घातले. खबर मिळाली तर अधिकाऱ्याने ती लिहून ठेवायची आणि वरिष्ठाकडे पाठवायची. अटक व जप्तीचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांत द्यायचा. मुद्देमाल सीलबंद ठेवायचा. आकसाने झडती घेतली तर अधिकाऱ्यालाही शिक्षा, सहा महिने किंवा हजार रुपये. आणि पन्नासावं कलम: अंगझडती घ्यायची असेल तर त्या माणसाने मागणी केल्यास त्याला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे न्यायचं आणि त्यांच्यासमोर झडती घ्यायची.

'मागणी केल्यास' या दोन शब्दांवर दहा-पंधरा वर्षं कोर्टांत खल चालला. सरकार पक्ष म्हणे, त्याने मागितलंच नाही, मग आम्ही नेलं नाही. बचाव पक्षाचा प्रश्न साधा होता. रात्री स्टँडवर धरलेल्या माणसाला पन्नासावं कलम कुठून ठाऊक? हक्क आहे हेच माहीत नसेल, तर मागणार काय? १९९४ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हा हक्क आहे हे अधिकाऱ्याने त्याला सांगितलंच पाहिजे. पण इतर काही पीठांचा कल वेगळा होता. झडती बेकायदा असली तरी सापडलेली वस्तू काही खोटी होत नाही, असा १९७४ च्या एका प्राप्तिकर प्रकरणाचा आधार घेतला जाई. तर्क वरवर पटण्यासारखा आहे. पण प्राप्तिकराच्या धाडीत सापडलेली चोपडी आणि खिशातली पुडी यांत फरक आहे. चोपडीतलं अक्षर कोणाचं हे तपासता येतं. पुडी कोणाच्या खिशातून निघाली, हे झडती घेणाऱ्याच्या शब्दाशिवाय दुसरं कोण सांगणार?

हा गुंता पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला आणि २१ जुलै १९९९ रोजी सरन्यायाधीश आनंद यांच्या पीठाने निकाल दिला. हा निकाल मला या साऱ्या इतिहासाचा मध्य वाटतो. पीठाने सांगितलं की शिक्षा जितकी कडक, तितकी संरक्षणं काटेकोर पाळली गेली पाहिजेत. हक्काची माहिती देणं ही अधिकाऱ्याची जबाबदारी. ती लेखीच दिली पाहिजे असं नाही, पण दिली पाहिजे. ती दिली नाही म्हणून खटला रद्द होत नाही. परंतु केवळ अशा झडतीत मिळालेल्या मालावर दोषी ठरवलं असेल, तर ती शिक्षा टिकत नाही. आणि ज्याकडे सहसा लक्ष जात नाही असा एक मुद्दा: चोपन्नाव्या कलमाचं गृहितक आपोआप लागत नाही. आधी सरकार पक्षाने दाखवायचं, की पन्नासावं कलम पाळून घेतलेल्या झडतीत माल आरोपीच्या ताब्यात मिळाला. मगच ओझं पलीकडे सरकतं. म्हणजे कायद्याने आरोपीवर उलटवलेला तो अवजड दरवाजा एका छोट्या बिजागरीवर फिरतो, आणि ती बिजागरी म्हणजे झडतीआधी अधिकाऱ्याने बोललेलं एक वाक्य.

मग त्या वाक्याच्या शब्दांवर भांडणं सुरू झाली. गोव्यातल्या एका खटल्यात अधिकारी म्हणाला होता, तुमची इच्छा असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती होऊ शकते. हा तुमचा हक्क आहे, असं तो म्हणाला नव्हता. लहान पीठाला एवढं 'भरीव पालन' पुरेसं वाटलं. ऑक्टोबर २०१० मध्ये दुसऱ्या घटनापीठाने, गुजरातच्या खटल्यात, ही सूट काढून घेतली: हक्क आहे हे स्पष्ट सांगा, भरीव पालन चालणार नाही. २०१४ मध्ये राजस्थानच्या प्रकरणात दोघांना मिळून एकच नोटीस दिली होती आणि एकानेच दोघांच्या वतीने सही ठोकली होती. तेही न्यायालयाने नापसंत केलं. हक्क ज्याचा त्याला सांगायचा. सामायिक खातं नव्हे.

इथवर वाचून वाटेल की कुंपण उंचच होत गेलं. तसं नाही. ज्या काळात शब्दांची काटेकोरी वाढत होती, त्याच काळात कुंपणाच्या आतली जागा आक्रसत होती. २००५ मध्ये हिमाचलच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की 'अंगझडती' म्हणजे अंगाचीच झडती. खांद्यावरची पिशवी, हातातली बॅग, डोक्यावरचं गाठोडं हे अंग नव्हे. त्याला पन्नासावं कलम लागू नाही. २०२३ मध्ये हीच भूमिका पुन्हा पक्की झाली. कलमाच्या शब्दांकडे पाहिलं तर न्यायालय चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण परिणाम बघा. किलो-दोन किलो माल कोणी खिशात घालून फिरत नाही, तो पिशवीतच असतो. म्हणजे जिथे शिक्षा सर्वांत मोठी, तिथेच हे संरक्षण बहुतेक वेळा गैरहजर. आणि पिशवी तर खिशापेक्षा सहज दुसऱ्याच्या पायाशी सरकवता येते!

पिशवीवरून आठवलं, पिशवी कोणाची हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. २००० साली अहमदाबादच्या एका रिक्षावाल्याचं प्रकरण निकाली निघालं. त्याच्या रिक्षात पोत्यांत भरलेला चरस मिळाला होता. त्याचं म्हणणं, पोती भाडेकऱ्यांनी ठेवली. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. मिळालेली खबर पोलिसांनी लिहूनच ठेवली नव्हती, हे त्यातलं एक मोठं कारण. २००२ मध्ये पंजाबचा एक ट्रक: मागे पोस्ताच्या बोंडांच्या सालीची पोती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. पोत्यावर बसला म्हणून पोत्याचा मालक होत नाही, असं न्यायालय म्हणालं. शिवाय ताब्याबद्दलचा नेमका प्रश्न आरोपींना जबाबाच्या वेळी विचारलाच गेला नव्हता. पुढच्याच वर्षी हिमाचलची मोटार, पाच जण आणि आठशे वीस ग्रॅम चरसाची एक पिशवी. तिथे मात्र पाचही जणांना ठाऊक होतं असं धरलं गेलं आणि सगळे अडकले. ट्रक आणि मोटार यांच्यातला फरक वकील मंडळी आजही आपापल्या सोयीने समजावून सांगतात. 'जाणतेपणाचा ताबा' हे शब्द मुंबईच्या घराघरात पोचले ते २०२१ च्या क्रूझ प्रकरणात, आणि पुढच्या मे महिन्यात नार्कोटिक्स ब्युरोने स्वतःच सहा जणांवर पुराव्याअभावी आरोपपत्र ठेवलं नाही.

झडती झाली, ताबा लिहिला गेला. पुढे प्रवास सुरू होतो मुद्देमालाचा. माझ्या मते खटले खरे इथे तुटतात. गोव्यात एका जर्मन नागरिकाकडे चरसाचे दोन तुकडे मिळाले, सात ग्रॅम आणि पाच ग्रॅम. दहा वर्षांची सजा झाली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की रासायनिक तपासणीला एकच तुकडा गेला होता आणि त्याचं वजन पाच ग्रॅमच्या आत होतं. दुसरा तुकडा चरसच होता हे कशावरून? रंगावरून, वासावरून, हवालदाराच्या अनुभवावरून? शाबीत झाला तेवढाच माल धरायचा म्हटल्यावर प्रकरण स्वतःपुरत्या अल्प प्रमाणात बसलं, आणि त्या कलमाखाली चरसासाठी कमाल शिक्षा होती सहा महिने. दहा वर्षं आणि सहा महिने यांच्यामध्ये एक न पाठवलेला तुकडा!

२००८ चा अमृतसर विमानतळाचा निकाल याहून मोठा. १९९७ मध्ये एका अफगाण प्रवाशाच्या द्राक्षांच्या खोक्यात एक किलो चारशे ग्रॅम हेरॉईन मिळालं, असा कस्टम्सचा दावा. न्यायमूर्ती सिन्हा यांच्या पीठाने गृहितकांची दोन्ही कलमं घटनेला धरून आहेत असं मान्य केलं, आणि मग विचारलं: हेरॉईन कुठे आहे? खोकं कुठे आहे? माल कोर्टात आलाच नव्हता, नमुन्यांच्या नोंदींत मेळ नव्हता, आणि उरला होता तो कस्टम्स अधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब. आरोपी सुटला. गृहितकाचा आधार हवा असेल तर पायाभूत गोष्टी आधी शाबीत करा, हे १९९९ चं म्हणणंच तिथे नव्या कपड्यांत आलं. कबुलीजबाबाचा पाय मात्र ऑक्टोबर २०२० पर्यंत शिल्लक राहिला; तेव्हा न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ठरवलं की या कायद्याखालचे तपास अधिकारी हे पुराव्याच्या दृष्टीने पोलीसच, आणि त्यांच्यापुढची कबुली पुरावा नाही.

मुद्देमाल पोलिसांच्याच हाती बिघडतो असंही नाही. १९९० मध्ये तिरुवनंतपुरम विमानतळावर एका ऑस्ट्रेलियन प्रवाशाच्या अंतर्वस्त्रात एकसष्ट ग्रॅमच्या वर हशीश मिळालं. खालच्या कोर्टाने दहा वर्षं दिली. अपिलात बचाव पक्ष म्हणाला, हे वस्त्र याचं नाहीच. ते त्याला घालून पाहिलं तर बसेना! उच्च न्यायालयाने सोडून दिलं. नंतर संशय आला की कोर्टाच्या मुद्देमाल खोलीतून ते वस्त्र बाहेर गेलं आणि आखूड होऊन परत आलं. त्या संशयावरचा फौजदारी खटला पुढे चालू द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२४ मध्ये, मूळ घटनेनंतर चौतीस वर्षांनी. कायद्यातले अडसर आरोपीलाच उपयोगी पडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खटला वाचावा. माल नीट मोजून, नमुने काढून, दंडाधिकाऱ्यासमोर यादी केली असती तर फायदा सरकार पक्षाचाच होता.

ती तरतूद, म्हणजे बावन्न-अ कलम, १९८९ मध्येच आली होती. पाळत कोण होतं? २०१६ मध्ये सरन्यायाधीश ठाकूर यांच्या पीठाने राज्याराज्यांची माहिती मागवली तेव्हा दिसलं की जप्त मालाची विल्हेवाट नगण्य होते आणि तो ठेवायला धड जागाही नाही. नमुने दंडाधिकाऱ्यासमोरच काढा, असं न्यायालयाने बजावलं. नियम आले डिसेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थोडं मागे: बावन्न-अ नीट पाळलं नाही, एवढ्यावरच खटला कोसळत नाही.

वाचक विचारतील, एवढ्या तांत्रिक गोष्टींवर माल विकणारे सुटू द्यायचे का? प्रश्न रास्त आहे. काही सुटतात, आणि ज्या घरातलं पोर गर्दने गेलं त्या घराला ते सांगणं कठीण आहे. पण या चुका कोर्टात उघड होतात कधी, हेही पाहावं लागेल. १९८९ मध्ये जामिनाचं सदतिसावं कलम कडक झालं. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण असल्याखेरीज जामीन नाही. पंच फितूर झाला का, सील कोणाकडे होतं, वाक्य बोललं गेलं का, हे निघतं साक्षीपुराव्यात, म्हणजे वर्षांनंतर. १९९४ मध्ये कच्चे कैदी इतके साठले होते, की सर्वोच्च न्यायालयाला एकवेळचा आदेश द्यावा लागला: किमान दहा वर्षांच्या गुन्ह्यात पाच वर्षं आत काढली असतील, तर लाखाच्या जामिनावर सोडा. तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाने लाखाचे दोन जामीनदार कुठून आणावेत, हे अर्थातच आदेशात नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरी सुरक्षा संहिता आली. तिच्या एकशे पाचव्या कलमाप्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. पंचांच्या सह्या होतानाचंही चित्रण हवं. कलमात उल्लेख आहे तो झडतीच्या प्रक्रियेचा आणि जप्तीच्या यादीचा. पन्नासाव्या कलमातलं वाक्य मात्र बोलायचं असतं झडतीच्या आधी, हात खिशाकडे जाण्यापूर्वी. मोबाईल तेव्हा सुरू झालेला असतो का, की पुडी निघाल्यावर, हे आता एकेका खटल्यात एकेक करून विचारलं जाईल.